माणूस पाहून फिल्म

दोन वर्षांपूर्वी, डिसेंबरात, साखर कारखान्याचा गाळप हंगाम भरात असताना अंकुशनगरात एका म्हाताऱ्या बाईंचा फोटो काढण्यात आला. फोटो काढायला सेकंदाचा तिसावा भाग लागला. त्यासाठी फिल्म निवडायला साडेचार वर्षं लागली होती.

निवड करणारे गृहस्थ त्या बाईंचे जावई आणि नवीन जालन्यातले माझे घरमालक. त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी सात वर्षं भाड्याने राहिलो. मी त्यांना काका म्हणत असे, त्यांच्या पत्नीला काकू. काका एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाले होते. बी उगवतं की नाही, हे तपासण्यात त्यांची सगळी नोकरी सरली. निवृत्तीनंतर त्यांनी जुने, फिल्मवाले कॅमेरे जमवायला सुरुवात केली. मी राहायला गेलो तेव्हा घरात आठ कॅमेरे होते. त्यांतला एक रशियन होता. वाऱ्याच्या दिवसांत तो दाराला अडसर म्हणून लावत. एक जर्मन होता. त्याला हात लावायची परवानगी कोणालाच नव्हती, स्वतः काकांनाही क्वचितच. बाकीचे जपानी. सगळे चालू स्थितीत होते. ते चालवले जात नव्हते, इतकंच.

मोबाइलमध्ये कॅमेरा असतो हे काकांना मान्य होतं. "मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर बी असतो," ते म्हणत. "म्हणून भाजीवाला गणिताचा प्रोफेसर होत न्हाई."

त्यांचं मूळ तत्त्व एका ओळीचं होतं: जमीन पाहून बियाणं, माणूस पाहून फिल्म. तत्त्वाचा पूर्वार्ध त्यांनी पगार घेऊन पाळला. उत्तरार्ध ते विनामूल्य पाळत आणि त्याचा त्रास इतरांना होई.

जागा पाहायला गेलो त्या दिवशी त्यांनी मला नोकरी, गाव, जात, लग्न यांपैकी काहीही विचारलं नाही. घरमालकाच्या बाबतीत ही गोष्ट नोंद घेण्यासारखी होती. त्यांनी मला दारात उभं केलं, डोळे बारीक करून थोडा वेळ पाहिलं आणि आत आवाज दिला, "अगं, चहा टाक. दोनशे आलाय."

दोनशे म्हणजे काय, हे चहाबरोबर कळलं. फिल्मच्या डबीवर एक आकडा असतो. तो जितका मोठा, तितकी ती फिल्म कमी उजेडात भागवून नेते, पण फोटो तितकाच रवाळ येतो. शंभरच्या फिल्मला चांगलं ऊन लागतं. चारशेला ढगाळ दिवस चालतो. आठशेला दिव्याचा उजेडही पुरतो. काका हा आकडा माणसांना लावत. दूधवाला आठशे, कारण तो अंधारात येतो आणि त्याच्या दुधातलं पाणी अंधारातच खपतं. तलाठी शंभर, कारण तो भर दुपारीच सापडतो, तोही बाहेर निघालेला. मी दोनशे.

"दोनशे म्हणजे मधला," मी वर्तमानपत्रात काम करतो हे माझ्याकडून ऐकल्यावर काकांनी मला समजावलं. "फार काही उजेड पाडत न्हाई आणि कुठं अडत बी न्हाई. पेपरवाल्यांचं असंच असतं."

सात वर्षांत त्यांनी हा आकडा बदलला नाही.

काकूंना त्यांनी स्लाइड फिल्म ठरवलं होतं. ही फिल्म सर्वांत खरे रंग दाखवते. मात्र उजेडाचं माप जरा चुकलं की सगळा फोटो वाया जातो. "रंग एकदम सच्चे," काका म्हणत, "पण चुकीला माफी न्हाई."

"तुम्ही कधी मागितली माफी?" काकू स्वयंपाकघरातून म्हणत.

फिल्म विकत घेण्याची त्यांची पद्धत प्रयोगशाळेतून आली होती. बियाण्याच्या प्रत्येक लॉटमधून नमुना काढायचा, ओल्या कागदावर ठेवायचा, किती बिया उगवल्या ते मोजायचं आणि मगच तो लॉट बाजारात सोडायचा. काका मुंबईहून कुरिअरने एकाच लॉटचे तीन रोल मागवत. पैकी एक नमुना. तो संपूर्ण रोल ते गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचे फोटो काढण्यात खर्च करत. ऊन वेगवेगळं, टाकी तीच. मग तो धुवायला पुण्याला जाई. जालन्यात फिल्म धुणारा शेवटचा स्टुडिओ बंद होऊन बराच काळ लोटला होता. घरी धुवायला काकांची तयारी होती, पण नळाला पाणी रोज येत नसे आणि बोअरच्या पाण्याचे डाग पडतात, असं त्यांचं म्हणणं होतं. पुण्याहून निकाल यायला दोन-अडीच महिने लागत. निकाल समाधानकारक असला, तर काका उरलेल्या दोन रोलच्या डब्या पाहत. बहुधा तोवर त्यांची मुदत संपत आलेली असे. आता ही फिल्म अजून चांगली आहे का, याची खात्री करायला हवी, म्हणून दुसरा रोल नमुना ठरे.

या पद्धतीने त्या टाकीचे फोटो जिल्ह्यातल्या कुठल्याही पुढाऱ्यापेक्षा जास्त निघाले असावेत. याची स्वतंत्र खातरजमा मी केलेली नाही.

उरलेले रोल फ्रिजमध्ये, भाजीच्या कप्प्यात राहत. फिल्मला उष्णता सोसत नाही आणि जालन्याच्या मे महिन्यात ती कोणालाच सोसत नाही. काकांनी प्रत्येक डबी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली होती. कोथिंबीर, मेथी, फिल्म, हिरव्या मिरच्या असा तो कप्पा असे. एकदा माझ्याकडे पाहुण्या आलेल्या माझ्या वहिनींनी काकूंच्या स्वयंपाकघरात भाजी करताना विचारलं, "ह्या पिशव्यात काय हाय, काकू?"

"सवत," काकू म्हणाल्या. "तिला गार लागतं."

काका फोटो काढतच नसत, असं म्हणणं अन्यायाचं होईल. मंठ्याला काकूंच्या भाच्याच्या लग्नात फोटो काढायचं त्यांनी कबूल केलं होतं. सोबत दोन कॅमेरे आणि पाच प्रकारच्या फिल्म होत्या. मांडवाचं कापड लाल-पिवळं निघालं. त्यातून गाळून येणाऱ्या उजेडात नवरीसकट सगळं वऱ्हाड केशरी दिसत होतं. काकांनी कॅमेऱ्यात घातलेली फिल्म काढली. दुसरी घातली. मंगलाष्टकं सुरू झाली. दुसरी काढली.

भाचा बोहल्यावरून ओरडला, "काका, मारा की एखादा!"

"थांब," काका म्हणाले. "ह्या उजेडात ही फिल्म तुला टमाट्यावानी दाखवून राह्यली."

"टमाटा तर टमाटा! माळ पडून राह्यली हो!"

अक्षता पडल्या, वाजंत्री झाली, पंगत बसली. चार वाजता मांडवाचं कापड उतरवायला सुरुवात झाली, तेव्हा उजेड काकांच्या मनासारखा झाला. त्या लग्नाचा त्यांनी काढलेला एकमेव फोटो उपलब्ध आहे. त्यात दोन रिकामे हंडे आणि मांडववाल्याचा ट्रॅक्टर आहे. रंग अगदी खरे आले आहेत.

अंकुशनगरच्या बाईंचं, म्हणजे काकूंच्या आईंचं प्रकरण यापेक्षा गंभीर होतं. आजी धाकट्या मुलाकडे राहत. तो कारखान्यात कामाला होता. आजींच्या शेजारची एक बाई वारली. तेराव्याला भिंतीवर लावायला तिचा एकही फोटो सापडला नाही, तेव्हा घरच्यांनी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला. आता बहुतेक घरांत हेच होतं. आजी तेराव्याचं जेवून घरी आल्या आणि त्यांनी लेकीला फोन लावला.

"ती भिंतीवरून अशी बघून राह्यली, जशी काय पोलिसानं धरून आणलीय," त्या म्हणाल्या. "मला तसं टांगलं, तर मी खाली उतरून येईन. जावईबापूंकडं आठ-आठ कॅमेरे हायत म्हणं. माझा एक चांगला फोटो काढून ठिवा. मी जित्ती हाय तवर मला बघायचाय."

मागणी स्पष्ट होती. काकांनी ती त्याच दिवशी मान्य केली. "मामींसाठी फिल्म साधी चालणार न्हाई," ते म्हणाले. सासूबाईंना ते मामी म्हणत.

पहिल्या वर्षी त्यांनी शंभरची रंगीत फिल्म ठरवली. चेहऱ्यावरची एकेक सुरकुती येईल, या हिशेबाने. मग ध्यानात आलं, की आजींचं घर उत्तराभिमुख असून आत उजेड नाही. आजींना अंगणात बसवावं, तर आयुष्यभर चुलीचा धूर खाल्लेल्या त्यांच्या डोळ्यांना उन्हात पाणी येई. दुसऱ्या वर्षी दोनशे. ती फिल्म त्वचा पिवळी दाखवते, असं टाकीच्या फोटोंवरून काकांचं मत झालं. टाकी काळी होती. तिसऱ्या वर्षी दुसऱ्या कंपनीची मागवली. ती हिरवट निघाली. चौथ्या वर्षी त्यांना हवी असलेली फिल्म बनवणं कंपनीने बंद केल्याचं कळलं. पूर्वी ती उपलब्ध असताना त्यांनी ती का घेतली नाही, असं मी विचारलं.

"तेव्हा तिचा निकाल आल्ता कुठं?" ते म्हणाले.

त्या उन्हाळ्यात आजी न्हाणीत घसरून पडल्या. मांडीचं हाड मोडलं. जालन्याला आणून ऑपरेशन झालं. चार दिवस तब्येत नाजूक होती आणि डॉक्टरांनी नातेवाइकांना बोलावून घ्यायला सांगितलं. काकूंच्या भावाने दवाखान्याच्या व्हरांड्यात आईचं आधार कार्ड शोधायला सुरुवात केली. ते कशासाठी, हे कोणी विचारलं नाही. काकूंनी ते त्याच्या हातातून घेऊन पर्समध्ये टाकलं आणि काकांकडे पाहिलं. काका खिडकीच्या बाहेर पाहत होते.

आजी वाचल्या. घरी परत नेताना त्यांनी गाडीतच विचारलं, "जावईबापू, उगवली का तुमची फिल्म?"

त्यानंतर काकूंनी तारीख ठरवली. फिल्म ठरो वा न ठरो.

डिसेंबरातल्या त्या रविवारी आम्ही अंकुशनगरला गेलो. मला काकूंनी साक्षीदार म्हणून घेतलं होतं. हा शब्द त्यांचाच. रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर होते, हवेत मळीचा वास होता आणि मागच्या सीटवर काका मांडीवर कॅमेरा धरून बसले होते. आजी तयार होत्या. पोपटी लुगडं, लाल काठ, गळ्यात बोरमाळ, केसांना तेल. हे लुगडं या फोटोसाठी साडेचार वर्षं पेटीत ठेवलेलं होतं.

काकांनी डबी उघडली. फिल्म चारशेची होती. कृष्णधवल.

"रंग येतील ना?" आजींनी विचारलं.

"न्हाई, मामी. काळा-पांढरा."

आजींनी अंगावरच्या लुगड्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "काळा-पांढरा फोटो मेलेल्या माणसाचा असतो."

"रंग पन्नास वर्षांत उडून जातो, मामी. ह्या फिल्मात चांदी असते. चांदी उडत न्हाई. पुन्हा घरात उजेड कमी, चारशेच पाहिजे. आणि तुम्हाला भिंतीवरच लावायचाय ना?"

"लावायचा हाय, म्हणून आजच मारता का?"

काकूंचा भाऊ हसला. काका हसले नाहीत. त्यांनी आजींना दाराशी बाजेवर बसवलं, उजेडाचं माप घेतलं, पुन्हा घेतलं, बाज वीतभर सरकवायला लावली, पुन्हा माप घेतलं. आजी लुगड्याचा काठ सारखा करत राहिल्या. शेवटी कंटाळून त्यांनी हात मांडीवर टाकले आणि बाहेर रस्त्याकडे पाहिलं. तेव्हा काकांनी बटण दाबलं. एकूण तीन फोटो काढले.

"झालं?" आजी म्हणाल्या. "दाखवा."

"आता न्हाई दिसत, मामी. धुवायला लागतं."

"मंग साडेचार वर्षं काय करून राह्यलते?"

रोल छत्तीस फोटोंचा होता. तेहतीस उरले होते. अर्धा रोल धुवायला पाठवणं काकांच्या तत्त्वात बसत नव्हतं आणि उरलेले फोटो या फिल्मला शोभतील अशाच माणसांचे काढायचे होते. अशी माणसं जालन्यात नाहीत, असं दोन महिन्यांत त्यांच्या ध्यानात आलं. मी स्वतःला पुढे केलं. त्यांनी सौजन्याने नकार दिला. अंकुशनगरहून दर रविवारी फोन येई. काकू तो काकांच्या हातात देत. काका म्हणत, "होऊन राह्यलं, मामी."

फेब्रुवारीत एका सकाळी काका अंघोळीला गेले असताना काकूंनी कॅमेरा उचलला, अंगणात गेल्या आणि तेहतीसच्या तेहतीस फोटो काढले. तुळस, दाराची कडी, माझी मोटारसायकल, नळाखालची बादली, पुन्हा तुळस. काका टॉवेल गुंडाळून बाहेर आले तेव्हा शेवटचे दोन बाकी होते. काकूंनी ते काकांचे काढले.

"उजेड तरी मोजला का?" काका म्हणाले.

"दिसत होतं मला," काकू म्हणाल्या.

दोन दिवस घरात बोलणं बंद होतं. तिसऱ्या दिवशी रोल पुण्याला गेला.

होळीच्या सुमारास फोटो आला. काकांनी तो मोठा करून, चौकट लावूनच मागवला होता. आम्ही पुन्हा अंकुशनगरला गेलो. फोटो चांगला होता. मी तसा दावा सहसा करत नाही. लुगड्याचा पोपटी रंग करडा झाला होता, काठ काळा. चेहऱ्याचा एक भाग उजेडात होता, दुसरा रवाळ अंधारात. बाई रस्त्याकडे पाहत होती, जणू कोणी यायचं होतं आणि उशीर झाला होता.

आजींनी चौकट दोन्ही हातांत धरली. त्यांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली होती आणि त्यांना नीट दिसत होतं. त्या बराच वेळ पाहत राहिल्या.

"ही मी न्हाई," त्या म्हणाल्या.

"असं काय करता, मामी? तुमचाच हाय."

"ही माझी माय हाय." त्यांनी काचेवरून पदर फिरवला. "मी सहा-सात वर्षांची असताना गेली. फोटो कुठला तवा? मला तिचं तोंड आठवत नव्हतं." मग त्यांनी काकांकडे पाहिलं. "जावईबापू, तुम्ही हिला कुठं पाह्यलं?"

काकांना चेहरा, उजेड, फिल्म या कुठल्याही विषयावर मत नसल्याचा प्रसंग मी पहिल्यांदा पाहिला. ते बाजेच्या कडेला बसले. त्यांनी पाणी मागितलं.

आजींनी मुलाला खिळा ठोकायला लावला. फोटो भिंतीवर लागला. घरात चंदनाचा हार नव्हता, म्हणून झेंडूचा आणला आणि आजींनी तो स्वतः घातला.

"आता माझा रंगीत काढा," त्या म्हणाल्या.

"त्याला फिल्म बघावी लागेल, मामी," काका म्हणाले, पण बाजेवरून उठले नाहीत. काकूंनी माझ्या खिशातला मोबाइल काढून घेतला आणि भिंतीपाशी उभ्या असलेल्या आईचा फोटो काढला. पोपटी लुगडं, लाल काठ, हसताना दिसणारे तीन दात. अंबडच्या एका दुकानातून तो संध्याकाळपर्यंत छापूनही मिळाला. आजींनी तो पाहिला, "ही मी," म्हणाल्या आणि पेटीत, लुगड्यांच्या खाली ठेवून दिला. आधार कार्ड काकूंनी भावाला परत केलं.

महिनाभराने आजींचा फोन आला. वस्तीतल्या पाच बायका विचारत होत्या. त्यांच्याही आयांचे फोटो नव्हते.

"अहो, पण आया न्हाईत ना त्यांच्या," काका म्हणाले. फोन स्पीकरवर होता.

"माझी बी कुठं होती?" आजी म्हणाल्या.

काकांनी तीच फिल्म मागवली. एप्रिलच्या एका सकाळी, ऊन चढायच्या आत, पाचही बायका आजींच्या दारात बसल्या होत्या. त्या घरून साध्या साड्यांत आल्या होत्या आणि हातात पिशव्या होत्या. आतल्या खोलीत जाऊन त्या तयार होऊन आल्या. एकीने नऊवारी नेसली. एरवी ती पाचवारी नेसते. एकीने कानांतली फुलं काढून ठेवली, कारण तिच्या आईकडे ती नव्हती. एका निवृत्त शिक्षिकेने चष्मा उतरवला आणि पदर डोक्यावरून दातांत धरला. काकांनी कोणालाही हलायला सांगितलं नाही.

पाचवी बाई विधवा होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. ती बाजेवर बसली, मग उठली आणि आजींना म्हणाली, "माझी माय सवाष्ण गेली."

आजींनी आतून करंडा आणला आणि तिच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावलं. त्यानंतर फोटो काढण्यात आला.